तीळ थांबतो कुणाच्या सांगण्यावरून? त्वचेचा कॅन्सर आणि मायक्रोआरएनए

(एपिसोडचा लिखित मजकूर. बोलण्याच्या ओघात आलेले 'म्हणजे' आणि 'ॲक्च्युअली' जमतील तेवढे गाळले आहेत. सगळे गाळता आले नाहीत.)

आज ऐकायला लागण्याआधी एक छोटं काम करा. स्वतःच्या अंगावरचा एक तीळ शोधा. हातावर सापडला तर उत्तम, नाहीतर मानेवर, खांद्यावर कुठेतरी असेलच. गाडी चालवत ऐकत असाल तर सिग्नलला थांबल्यावर शोधा.

सापडला? आता त्याच्याकडे बघत ऐका. साध्या, निरुपद्रवी तिळांची तपासणी झाली तेव्हा त्यातल्या बहुतेकांत बीरॅफ नावाच्या जीनमध्ये एक ठरावीक म्युटेशन सापडलं. मेलानोमा, म्हणजे त्वचेच्या कॅन्सरमधला सगळ्यात धोकादायक प्रकार, त्याच्या जवळपास निम्म्या केसेसमध्ये हेच म्युटेशन असतं. एकाच अक्षराचा तोच बदल.

घाबरू नका, तीळ चोळत बसू नका. मला उलटाच प्रश्न पडला होता. 'विभाजन करत राहा' असं सांगणारं बटण त्या पेशीत दाबलेलं आहे आणि ते अडकून बसलंय. मग तीळ मसुराच्या दाण्याएवढा होऊन थांबतो कसा? चाळीस-चाळीस वर्षं तिथेच गप्प बसतो. त्याला कोण थांबवतं?

त्याचं एक उत्तर मायक्रोआरएनएमध्ये आहे, आणि आजचा एपिसोड त्यावर आहे. एक गोष्ट आधीच स्पष्ट करते. मी डॉक्टर नाही. मी सॉफ्टवेअर लिहिते आणि आवड म्हणून हे वाचते. शरीर कसं चालतं ते समजून घ्यायला हा एपिसोड ऐका, आणि अंगावरचा डाग दाखवायला त्वचारोगतज्ज्ञाकडे जा.

तर मायक्रोआरएनए म्हणजे काय? गिऱ्हाईक भरपूर असलेलं एखादं हॉटेल डोळ्यांसमोर आणा. मालकाच्या गल्ल्यामागे मेनूचं जाडजूड पुस्तक आहे, ते कधीच बाहेर येत नाही. तो डीएनए. वेटर ऑर्डर लिहून चिठ्ठी किचनमध्ये नेतो. ती चिठ्ठी म्हणजे मेसेंजर आरएनए. किचनमध्ये त्या चिठ्ठीवरून पदार्थ बनतो, तो प्रोटीन. शाळेत आपण इथपर्यंत शिकलो. शाळेत न सांगितलेला भाग असा, की किचनच्या दारात एक माणूस उभा असतो आणि तो चिठ्ठ्या बघत असतो. 'मिसळ पुरे आता' म्हणत काही चिठ्ठ्या फाडतो, काही मागे ढकलतो. पुस्तकाला तो हात लावत नाही, नवा पदार्थही बनवत नाही. किती बनायचं, तेवढं मात्र त्याच्या हातात आहे.

हा दारातला माणूस म्हणजे मायक्रोआरएनए. अंगाने अगदी बारीक. साधारण २२ अक्षरांचा. आपल्या जीनोममध्ये साधारण तीन अब्ज अक्षरं आहेत, त्या मानाने २२ अक्षरं म्हणजे एखादं गाडीचं नंबरप्लेट. आणि त्यातलीही सात-आठ अक्षरं चिठ्ठीवर जुळली की काम होतं. त्यामुळे एक मायक्रोआरएनए शेकडो वेगवेगळ्या जीन्सच्या चिठ्ठ्या अडवू शकतो. हे 'शेकडो' लक्षात ठेवा. पुढे ते चार जिवांवर बेतलेलं आहे.

याचा शोध एका जंताने लावून दिला. खरंच. एक मिलिमीटर लांबीचा, मातीत राहणारा जंत, सी. एलिगन्स. अमेरिकेत व्हिक्टर ॲम्ब्रोस आणि गॅरी रवकुन हे दोघे त्याच्या वाढीत बिघाड करणारे जीन्स शोधत होते. ॲम्ब्रोस यांच्याकडे होता लिन-४ नावाचा जीन. त्यातून कुठलं प्रोटीन बनतं हे शोधताना लक्षात आलं, की प्रोटीन बनतच नाही, फक्त आरएनएचा एक चिमुकला तुकडा बनतो. रवकुन यांच्याकडे होता लिन-१४. दोघांनी आपापली अक्षरं ताडून पाहिली, तर तो चिमुकला तुकडा लिन-१४ च्या चिठ्ठीच्या शेपटीला जुळत होता. १९९३ साली दोघांचे पेपर आले आणि कुणी फारसं लक्ष दिलं नाही. जंताची काहीतरी विचित्र सवय असेल, असं समजून सगळे पुढे गेले. २००० साली रवकुन यांच्या लॅबला दुसरा असाच तुकडा मिळाला, लेट-७. तो माणसातही तसाच्या तसा होता. मग सगळ्यांचे डोळे उघडले. २०२४ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल या दोघांना मिळालं. पेपर ते नोबेल, ३१ वर्षं. आपल्याकडे तीन स्प्रिंटमध्ये रिझल्ट दिसला नाही की प्रोजेक्ट बंद होतो, असो.

आता त्वचेकडे येऊ. त्वचेचा सगळ्यात वरचा थर केरॅटिनोसाइट नावाच्या पेशींचा असतो. त्या तळाला जन्मतात, विभाजित होतात, हळूहळू वर सरकतात आणि शेवटी मरून कोंडा होऊन गळतात. तळाला असताना विभाजन करायचं, वर निघालं की थांबायचं, असा नियम आहे. तो पाळायला कोण लावतं? २००८ साली एलेन फुक्स यांच्या न्यूयॉर्कच्या लॅबने दाखवलं, की पेशी तळ सोडून वर निघते तेव्हा मिर-२०३ नावाचा मायक्रोआरएनए वाढतो. मायक्रोआरएनएंची नावं अशीच असतात, 'मिर' आणि पुढे नंबर. मिर-२०३ पी-६३ नावाच्या प्रोटीनच्या चिठ्ठ्या अडवतो. पी-६३ पेशीला 'तरुण राहा, वाढत राहा' म्हणत असतो, त्याचा आवाज बंद होतो आणि पेशी शहाण्यासारखी वयात येते. बेसल सेल कार्सिनोमा हा त्वचेचा जगात सगळ्यात जास्त आढळणारा कॅन्सर. त्याच्या गाठींमध्ये मिर-२०३ कमी झालेला असतो.

इथे एक गोष्ट बारकाईने बघण्यासारखी आहे. कॅन्सर म्हटलं की आपल्याला वाटतं डीएनए तुटला, स्पेलिंग चुकलं. ते असतंच. पण इथे स्पेलिंग बरोबर असलेल्या जीनची फक्त मात्रा बदलली आहे. चिठ्ठी बरोबर लिहिलेली होती, दारातला माणूसच जागेवर नव्हता.

आता मला सगळ्यात आवडलेली गोष्ट. इथे थोडा वेळ घेणार आहे.

१९९८ साली मेलानोमावर काम करणाऱ्यांना एक जीन सापडला, त्याला त्यांनी मेलास्टॅटिन नाव दिलं. मेलॅनोसाइट, म्हणजे त्वचेला रंग देणाऱ्या पेशी, त्यांच्यात हा जीन चालू असतो. मेलानोमा जितका आक्रमक, जितका पसरणारा, तितका मेलास्टॅटिन कमी. इतकं स्वच्छ नातं दिसल्यावर कुणीही म्हणेल, मेलास्टॅटिनचं प्रोटीन कॅन्सरला आवरून धरत असणार. बारा वर्षांनी, २०१० मध्ये, कार्मित लेव्ही आणि डेव्हिड फिशर यांच्या गटाने ते तपासलं. ज्या आक्रमक पेशींत मेलास्टॅटिन हरवलं होतं त्यांच्यात ते परत घातलं. काही फरक नाही. पेशी आधीसारख्याच घुसखोरी करत राहिल्या.

मग त्यांनी त्या जीनच्या पोटात पाहिलं. जीनमध्ये मधेमधे असे पट्टे असतात जे प्रोटीन बनवण्याआधी कापून टाकले जातात. त्यांना इन्ट्रॉन म्हणतात, आणि कित्येक वर्षं त्यांना कचरा समजलं जायचं. मेलास्टॅटिनच्या अशाच एका पट्ट्यात मिर-२११ लपलेला होता. जीन चालू झाला की प्रोटीनही बनतं आणि कापून टाकलेल्या तुकड्यातून हा मायक्रोआरएनएही बनतो. त्यांनी फक्त मिर-२११ परत घातला आणि पेशींची घुसखोरी कमी झाली. म्हणजे बारा वर्षं श्रेय मिळत होतं यजमानाला, आणि काम करत होता त्याच्या घरातला पोटभाडेकरू.

माझ्यासारख्या कोड लिहिणाऱ्या लोकांना हे ऐकून पोटात गोळा येतो. 'हे काही वापरात नाही' म्हणून कुणीतरी चार ओळी उडवाव्यात आणि प्रॉडक्शन बसावं, तसा हा प्रकार आहे. तसंच काहीसं रक्ताच्या कॅन्सरमध्येही झालं होतं. एका ल्युकेमियात १३ व्या क्रोमोसोमचा एक तुकडा गायब असतो. तिथे कॅन्सर रोखणारा जीन असणार म्हणून लोक शोधत राहिले. २००२ साली कार्लो क्रोची यांच्या गटाने दाखवलं की तिथे मिर-१५ आणि मिर-१६ होते. कॅन्सर आणि मायक्रोआरएनए यांचा संबंध पहिल्यांदा तिथे कळला.

आता परत तुमच्या तिळाकडे. २०२१ मध्ये अमेरिकेतल्या युटा विद्यापीठाच्या एका गटाने तीन प्रकारच्या मेलॅनोसाइट शेजारी शेजारी ठेवून तपासल्या: निरोगी त्वचेतल्या, तिळातल्या, आणि तिळातून उगवलेल्या मेलानोमातल्या. तिळात दोन मायक्रोआरएनए भरपूर सापडले. त्यातला एक आपला मिर-२११, दुसरा मिर-३२८. हे दोघं मिळून ऑरोरा किनेज बी नावाच्या प्रोटीनच्या चिठ्ठ्या अडवतात. पेशीला दोन भागांत फुटायचं असेल तर हे प्रोटीन लागतंच. त्यामुळे तिळातली पेशी विभाजनाची सगळी तयारी करते, डीएनएची दुप्पट कॉपीसुद्धा काढते, आणि ऐन फुटण्याच्या वेळी अडकते. बाइक स्टार्ट आहे, ॲक्सिलरेटर पिळलेला आहे, पण चाकाला साखळी लावली आहे. मेलानोमात उलटं दिसलं, मायक्रोआरएनए कमी आणि ऑरोरा जास्त. आणि थांबलेल्या तिळाच्या पेशींना ऑरोरा परत दिलं तर त्या पुन्हा विभाजन करू लागल्या.

म्हणजे तीळ मेलेला नाही, त्याला थांबवून ठेवलेलं आहे. आणि तो फार इमानाने थांबतो हेही सांगायला हवं. बहुतेक मेलानोमा जुन्या तिळातून उगवत नाहीत, स्वच्छ त्वचेवर नव्याने येतात. म्हणून असलेले तीळ लेझरने जाळून घ्यायची घाई करण्यात काही अर्थ नाही. उलट, आत काय होतं ते तपासायची संधी जाते.

तुम्ही म्हणाल, मग मिर-२११ हिरो आहे, बनवा गोळी. थांबा. २०१६ मध्ये लेव्ही यांच्याच तेल अवीवच्या लॅबने आणखी एक गोष्ट दाखवली. मेलानोमाच्या पेशी रंगाच्या छोट्या पुड्या बाहेर सोडतात. त्या पुड्यांत मिर-२११ भरलेला असतो. पुड्या खालच्या थरातल्या फायब्रोब्लास्ट पेशींत शिरतात आणि त्या शेजारच्या पेशी ट्यूमरला मदत करणाऱ्या बनतात. कॅन्सर खाली उतरण्याआधीच खालच्या मजल्यावर त्याची सोय लावली जाते. तोच मायक्रोआरएनए, अक्षर न् अक्षर तेच, पण वेगळ्या पेशीत वेगळ्या चिठ्ठ्या, म्हणून परिणाम उलटा. जीवशास्त्रात कुणाच्या छातीवर 'चांगला' असा बिल्ला लावता येत नाही, हे मला या विषयात सगळ्यात जास्त छळतं.

आता आपल्याकडचं बोलू. त्वचेचा कॅन्सर म्हटलं की इंटरनेटवर गोऱ्या लोकांचे, समुद्रकिनाऱ्याचे आणि सनस्क्रीनचे फोटो येतात. ते त्यांच्यापुरतं बरोबर आहे. उन्हातले अल्ट्राव्हायोलेट किरण डीएनएवर थेट जखम करतात आणि गोऱ्या त्वचेला त्यापासून संरक्षण कमी. आपल्या त्वचेत मेलॅनिन जास्त, म्हणून आपल्याकडे त्वचेचा कॅन्सर एकूण कमी. (अल्बिनिझम असलेल्यांना, किंवा किडनी ट्रान्सप्लांटनंतर इम्युनिटी दाबणारी औषधं घेणाऱ्यांना मात्र उन्हापासून जपावंच लागतं, रंग कुठलाही असो.) पण कमी म्हणजे शून्य नव्हे, आणि आपल्याकडच्या कॅन्सरची कारणं निराळी आहेत.

मुंबईच्या टाटा मेमोरियल हॉस्पिटलमध्ये वसंत रामजी खानोलकर नावाचे मोठे पॅथॉलॉजिस्ट होते. १९४५ साली त्यांनी आणि सूर्याबाई यांनी एक पेपर लिहिला, भारतातल्या राहणीतून होणाऱ्या कॅन्सरवर. त्यात होता धोतराचा कॅन्सर. कमरेला वर्षानुवर्षं एकाच जागी घट्ट कसलेलं धोतर, घाम, घर्षण, बरी न होणारी कातडी, आणि तिथे उठलेला स्क्वेमस सेल कार्सिनोमा. साडीच्या परकराच्या नाडीखालीही हेच होतं. आपल्या आज्यांच्या कमरेवर जो काळा वळ असतो ना, तो. प्रत्येक वळ कॅन्सर होत नाही, फार क्वचित होतो. पण त्या जागी महिनोन् महिने न भरणारी जखम असेल तर 'नाडीने झालंय' म्हणून सोडून द्यायची नाही.

दुसरं, आर्सेनिक. आपल्या जुन्या भाषेत सोमल. पश्चिम बंगालमध्ये लोकांनी तळ्याचं गढूळ पाणी सोडून ट्यूबवेलचं पाणी प्यावं म्हणून मोठी मोहीम झाली. पाणी दिसायला स्वच्छ, जुलाब-कॉलऱ्याचे जंतू नाहीत. पण गंगेच्या खोऱ्यातल्या गाळातच नैसर्गिक आर्सेनिक होतं. १९८३ च्या सुमारास कोलकात्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमधले त्वचारोगतज्ज्ञ के. सी. साहा यांच्याकडे अंगावर पावसाच्या थेंबांसारखे डाग आणि तळहात-तळपायांवर खरखरीत गाठी असलेले खेडूत येऊ लागले आणि हे प्रकरण उघडं पडलं. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा आहे लिटरमागे १० मायक्रोग्रॅम. तिथल्या कित्येक विहिरींत त्याच्या अनेक पट आर्सेनिक निघालं. अशा पाण्याने वर्षानुवर्षांनंतर त्वचेचा कॅन्सर होतो, उन्हाचा फारसा न लागणाऱ्या जागीसुद्धा.

इथे मिर-२१ येतो. हा आतापर्यंतच्या मंडळींच्या उलट्या स्वभावाचा. पेशीला ब्रेक लावणारी जी प्रोटीन्स असतात, उदाहरणार्थ पीटेन, त्यांच्याच चिठ्ठ्या हा फाडतो. जखम भरताना त्वचेत तो वाढतो, तेव्हा त्याचं काम असतं. पण तो वाढलेलाच राहिला तर पंचाईत. २०११ मध्ये मिर-२१ चा जीन काढून टाकलेल्या उंदरांच्या त्वचेवर कॅन्सर आणणारी रसायनं लावली, तर साध्या उंदरांपेक्षा कमी गाठी आल्या. आणि २०१७ मध्ये कोलकात्याच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल बायॉलॉजीमधल्या गटाने बंगालमधल्याच लोकांना तपासलं. आर्सेनिकचं पाणी प्यायलेल्यांत मिर-२१ वाढलेला होता, आणि त्याने अडवायची ब्रेकची प्रोटीन्स कमी झालेली होती. म्हणजे विहिरीतलं विष ते तळहातावरची गाठ, यांच्या मधल्या साखळीतली एक कडी सापडली.

इथे मला जरा रागही येतो. ही कडी सापडायला उत्तम शास्त्र लागलं, आणि ते व्हायलाच हवं. पण त्या गावातल्या माणसाचा मिर-२१ खाली आणायचा मार्ग आपल्याला आधीपासून माहीत आहे. तो म्हणजे दुसरं पाणी. त्याला लॅब लागत नाही, पाइपलाइन आणि बजेट लागतं.

तिसरं, आणि आपल्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं. तळपाय, तळहात आणि नखाखालचा मेलानोमा. याला ॲक्रल मेलानोमा म्हणतात. सावळ्या आणि काळ्या लोकांत मेलानोमा झालाच तर बऱ्याचदा याच जागी होतो. ऊन इथे मुख्य कारण नाही, तळपायाला कुठलं ऊन. बीरॅफचं म्युटेशनही यात तुलनेने कमी सापडतं. त्यामुळे सनस्क्रीनचा सल्ला इथे उपयोगाचा नाही.

बॉब मार्ली माहितीये ना? टी-शर्टवर तरी पाहिलाच असेल. १९७७ मध्ये त्याच्या पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली हा निघाला. आधी फुटबॉल खेळताना लागलंय असंच वाटलं होतं. डॉक्टरांनी अंगठा काढायला सांगितला, त्याने धर्मश्रद्धेमुळे नकार दिला, नखाखालचा भाग तेवढा काढून घेतला. ११ मे १९८१ ला तो गेला. वय ३६. आपल्याकडे फुटबॉलच्या जागी चप्पल चावली, ठेच लागली, कुरूप झालंय, असं म्हणत लोक मेडिकलमधून कॉर्न कॅप आणून लावत बसतात. तेवढ्यात महिने निघून जातात.

मग प्रिव्हेन्शनचं काय? मायक्रोआरएनएचं औषध कुठवर आलंय?

प्रयत्न झाला होता, आणि तो ऐकण्यासारखा आहे. मिर-३४ नावाचा मायक्रोआरएनए आहे. पी-५३, म्हणजे पेशीचा मुख्य वॉचमन, धोका दिसला की मिर-३४ ला कामाला लावतो. अनेक कॅन्सरमध्ये तो कमी झालेला असतो. मग बाहेरून द्यावा, ही कल्पना. २०१३ मध्ये अमेरिकेत एमआरएक्स-३४ नावाने माणसांवर पहिली चाचणी सुरू झाली. चरबीच्या बारीक थेंबांत मिर-३४ ची कृत्रिम प्रत भरून शिरेतून द्यायची. लिव्हर कॅन्सर, मेलानोमा आणि इतर पुढच्या टप्प्यातले ८५ रुग्ण. तिघांच्या गाठी लक्षणीयरीत्या आकसल्या. पण काहींच्या इम्यून सिस्टिमने भयंकर उसळी घेतली, त्यात चार जण दगावले आणि २०१६ मध्ये चाचणी थांबवावी लागली.

मघाशी 'शेकडो' लक्षात ठेवायला सांगितलं होतं ते यासाठी. एक मायक्रोआरएनए शेकडो चिठ्ठ्या अडवतो म्हणून तो कॅन्सरवर अनेक बाजूंनी एकदम काम करू शकतो, हे त्याचं आकर्षण. पण शिरेतून दिलेलं औषध ट्यूमरपुरतं थांबत नाही. ते रक्तातल्या निरोगी पेशींतही शिरतं आणि तिथल्याही चिठ्ठ्या अडवू लागतं. सगळ्या सर्व्हरवर एकदम कॉन्फिग बदलण्यासारखं आहे ते. शिवाय बाहेरून आलेला आरएनए म्हणजे व्हायरस, असंही शरीराला वाटू शकतं. आज, हे रेकॉर्ड करतेय तोपर्यंत, कॅन्सरसाठी एकही मायक्रोआरएनए औषध मंजूर झालेलं नाही. काम चालू आहे. औषध नेमकं ट्यूमरपर्यंत न्यायचं कसं, यावर सगळं अडलंय.

म्हणून 'मायक्रोआरएनए टेक्नॉलॉजी' लिहिलेलं फेस सीरम कुणी विकत असेल तर पाकीट खिशातच ठेवा. आणि तो हळदीचा फॉरवर्ड. हो, लॅबमधल्या डिशमध्ये कॅन्सरच्या पेशींवर हळदीतलं कर्क्युमिन टाकलं की मिर-२१ कमी होतो, असे पेपर आहेत. पण डिशमध्ये कर्क्युमिन थेट पेशीवर ओततात. आपण प्यायलेलं हळदीचं दूध पोटातून रक्तात फारच थोडं पोचतं. दूध प्या, छान लागतं. तळपायावरच्या डागासाठी डॉक्टरकडे जा.

तर काय बघायचं? महिन्यातून एकदा, अंघोळीनंतर, तळपाय उलटा करून बघा. बोटांच्या बेचक्याही. स्वतःचे बघा आणि घरातल्या मोठ्यांचेही बघा, कारण आई-बाबांना वाकून स्वतःचा तळपाय दिसत नाही आणि चष्माही नसतो तेव्हा डोळ्यावर. नवा काळा किंवा तपकिरी डाग, कडा वेड्यावाकड्या, एकाच डागात दोन-तीन रंग, आकार वाढतोय, रक्त येतंय. एकाच नखात उभी काळी रेघ आलीय आणि ती रुंद होतेय, किंवा रंग नखाच्या मुळाशी कातडीवर उतरलाय. बऱ्याच नखांना हलक्या रेघा असणं आपल्या रंगाच्या लोकांत नेहमीचं आहे, त्याने घाबरू नका. आणि कॉर्न समजून दोन महिने औषध लावलं तरी न गेलेलं कॉर्न. त्वचारोगतज्ज्ञ डर्मोस्कोप नावाच्या भिंगातून बघतात, त्यात दुखत काही नाही. तेवढ्यावरच बऱ्याचदा निकाल लागतो. शंका राहिली तर बायॉप्सी. नक्की निदान अजूनही बायॉप्सीनेच होतं.

आता शेवटचं, मागच्या महिन्यात एका श्रोत्याने पाठवलेल्या व्हॉइस नोटबद्दल. त्याच्या वडिलांच्या टाचेवर काळा डाग आहे, डॉक्टरांनी बायॉप्सी सांगितलीय, आणि काका म्हणतात, सुई लावली की पसरतो, हात लावू नका. दादा, हे तुझ्या काकांनाही ऐकव. बायॉप्सीमुळे मेलानोमा पसरतो किंवा माणूस लवकर जातो, असा पुरावा नाही. हा गैरसमज होतो कारण लोक मुळात उशिरा जातात, तोवर तो आतून पसरलेला असतो, आणि बायॉप्सीनंतर ते कळतं. मेलानोमात सगळा हिशोब मिलिमीटरचा असतो. एक मिलिमीटरपेक्षा पातळ असताना काढला तर बहुतेक लोक बरे होतात. खोल गेला की गोष्ट बदलते. आणि तो किती खोल आहे हे वरून बघून, फोटो काढून किंवा काकांना विचारून कळत नाही, तो तुकडा मायक्रोस्कोपखाली ठेवावाच लागतो. या आठवड्यात अपॉइंटमेंट घे. रिपोर्ट काय आला ते कळव, वाट बघतेय.